मोटारीचें स्मरण आणि विस्मरण

मोटारीची बॅटरी जुनी होऊन बदलावयाची वेळ आली, किंवा गाडी महिनाभर उभी राहावयाची म्हणून बॅटरीची तार सोडून ठेवली, तर इंजिन चालविणारा संगणक आजवर जें कांहीं शिकला तें सारें विसरून जातो काय, असा प्रश्न पुष्कळ मोटारवाल्यांच्या तोंडीं असतो. कोणी सांगतो कीं, तार सोडल्यावर त्याची गाडी दोन दिवस अडखळत चालली. दुसरा सांगतो कीं, त्याच उपायानें त्याच्या गाडीचा जुना खोकला गेला. तिसऱ्याच्या गाडीवर कसलाच परिणाम झालेला नसतो. तिघेही खरें बोलत असतात. मात्र तिघांच्या गाड्या बहुधा निरनिराळ्या काळांत जन्मलेल्या असतात. या प्रश्नास एकच एक उत्तर देतां येत नाहीं, याचें कारण तो जितका यंत्रशास्त्राचा तितकाच इतिहासाचाही प्रश्न आहे. मोटारीला स्मरणशक्ति केव्हां आली, ती बॅटरीच्या स्वाधीन कां झाली, आणि पुढें ती बॅटरीच्या हातून काढून घेण्याची पाळी सरकारावर कां आली, हा तो इतिहास होय.

प्रारंभींच्या मोटारींत बॅटरी ही अपरिहार्य वस्तु नव्हती. ठिणगीसाठीं मॅग्नेटो नांवाचें यंत्र असे. इंजिन फिरूं लागलें कीं तें स्वतःच वीज निर्माण करी, आणि इंजिन प्रथम फिरविण्याचें काम मनुष्याच्या दंडाकडे असे. पुढच्या बाजूस लोखंडी हँडल लावून तें जोरानें फिरवावयाचें, आणि इंजिनानें उलट झटका दिला तर मनगट मोडून घ्यावयाचें, अशी ती रीत होती. १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत चार्ल्स केटरिंग याचा विजेचा स्टार्टर आला, हें संकट टळलें, आणि बॅटरी मोटारींत कायमची राहावयास आली. तिचीं कामें ठरलेलीं होतीं. इंजिन सुरू करावें, दिवे लावावे, ठिणगीस वीज पुरवावी. कसलीही आठवण जपण्याचें काम कोणीं तिच्यावर सोंपविलें नव्हतें.

इंजिनाला आठवण मुळींच नव्हती असें मात्र नव्हे. कार्बोरेटरच्या अंगावर एक लहानसा स्क्रू असे. मिस्त्री इंजिन तापवून, कान देऊन, तो स्क्रू अर्धा फेरा आंत, पाव फेरा बाहेर करी, आणि इंजिन एका लयींत आलें कीं हात थांबवी. पितळेच्या त्या सुईची जागा हीच त्या इंजिनाची स्मृति. बॅटरी काढून न्या, गाडी वर्षभर झांकून ठेवा. सुई जेथें होती तेथेंच सांपडावयाची. दोष एवढाच कीं, ही स्मृति शिकत नसे. गाडी मुंबईहून निघून महाबळेश्वरच्या साडेचार हजार फुटांवर चढली, हवा विरळ झाली, तरी सुई मुंबईचाच हिशेब धरून बसे. मग हवेच्या मानानें पेट्रोल जास्त पडे, धूर काळा होई आणि इंजिन धापा टाकी. चालक त्याबद्दल घाटाला बोल लावी आणि पुढें जाई.

या जास्तीच्या धुराची फिकीर कित्येक वर्षें कोणीं केली नाहीं. ती प्रथम करावी लागली अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरास. १९४३ च्या जुलै महिन्यांत, महायुद्ध चालूं असतां, त्या शहरावर असें दाट व डोळ्यांना झोंबणारें धुकें उतरलें कीं शत्रूनें विषारी वायु सोडला असावा अशी लोकांस शंका आली. कृत्रिम रबरासाठीं लागणारा ब्युटाडीन वायु तयार करणाऱ्या एका कारखान्यावर संशय गेला. कारखाना कांहीं काळ बंद ठेवून पाहिला, पण धुकें हटेना. पुढें १९५० च्या सुमारास कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंतील आरी हागेन-स्मित या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञानें या गोष्टीचा उलगडा केला. हा गृहस्थ त्यापूर्वीं अननसाच्या वासांत कोणकोणतीं द्रव्यें असतात याचा शोध करीत होता. अननस बाजूस ठेवून त्यानें शहराची हवा त्याच रीतीनें पकडली व तपासली. मोटारींच्या नळ्यांतून न जळतां बाहेर पडणारी पेट्रोलची वाफ आणि नत्रवायूचीं ऑक्साइडें यांवर तेथील लख्ख ऊन पडलें म्हणजे हें धुकें जमतें, असें त्यानें दाखविलें. तेलाच्या व मोटारींच्या धंद्यांतील मंडळींना हें पटावयास बराच काळ लागला. ज्याच्या पोटावर बेततें त्याला रसायनशास्त्र सावकाश समजतें. १९६७ सालीं कॅलिफोर्निया राज्यानें हवेच्या रक्षणासाठीं स्वतंत्र मंडळ स्थापिलें व त्याचें पहिलें अध्यक्षपद हागेन-स्मित याजकडेच आलें. १९७० सालीं संघराज्याच्या कायद्यानें मोटारींच्या धुरांतील घातक द्रव्यें नव्वद टक्क्यांनीं कमी करावींत अशी आज्ञा केली व मुदतही घालून दिली. मुदत पुढें ढकलली गेली, पण आज्ञा टळली नाहीं.

येथून मोटारीच्या पोटांत रसायनशाळा शिरली. १९७५ सालच्या अमेरिकन गाड्यांत धुराच्या मार्गावर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नांवाचें भांडें बसूं लागलें. तें न जळलेलें पेट्रोल व कार्बन मोनॉक्साइड यांचा नाश करी; नत्राच्या ऑक्साइडांना मात्र हात लावीत नसे. तिन्ही द्रव्यांचा एकाच भांड्यांत समाचार घेणारी नवी रचना निघाली, पण तिची एक मोठी अवघड अट होती. एक भाग पेट्रोलास वजनानें १४.७ भाग हवा हें प्रमाण जवळजवळ तंतोतंत पाळलें तरच तें भांडें तिन्ही कामें करी. प्रमाण थोडें इकडे सरकलें कीं एक विष सुटे, तिकडे सरकलें कीं दुसरें. तेव्हां धुरांत प्राणवायु किती उरला आहे हें क्षणोक्षणीं सांगणारा कोणी तरी पाहिजे होता. तें काम जर्मनींतील बॉश कंपनीच्या सेन्सरनें पतकरलें. झिर्कोनियाच्या चिनी मातीसारख्या टोपणावर प्लॅटिनमचा पातळ थर दिलेला हा सेन्सर तापला म्हणजे पेट्रोल जास्त असतां सुमारें नऊ दशांश व्होल्ट, आणि कमी असतां सुमारें एक दशांश व्होल्ट दाखवितो. १९७६ सालीं तो प्रथम कॅलिफोर्नियांत विकावयाच्या व्होल्व्हो गाड्यांत बसला.

सेन्सरचें म्हणणें ऐकून त्याप्रमाणें पेट्रोल कमीजास्त करणें हें पितळेच्या सुईचें काम नव्हे. बॉश कंपनीचें विजेनें पेट्रोल फवारणारें एक यंत्र १९६७ पासून फोक्सवॅगन गाडींत आलेलें होतें. तें ट्रान्झिस्टरांवर चाले व चांगलें चाले. पण किल्ली बंद केली कीं त्याच्याजवळ कालची एकही गोष्ट उरत नसे. आंकड्यांत विचार करणारा खरा संगणक आला तो १९७९ सालीं, बी. एम. डब्ल्यू. च्या ७३२ आय या गाडींत, मोट्रॉनिक या नांवानें. दोन वर्षांनीं, १९८१ सालीं, जनरल मोटर्स कंपनीनें अमेरिकेंत विकावयाच्या आपल्या जवळजवळ सर्व पेट्रोल गाड्यांत संगणक बसविला. गंमत अशी कीं, यांतील बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर तसाच होता. संगणक त्याच्या पोटांतील एक लहान झडप सेकंदाला दहा वेळां हलवून मिश्रण सांभाळी. जुन्या वाड्याला विजेची घंटा बसवावी तसा तो प्रकार होता.

आतां शिकण्याचा मुद्दा येतो, आणि तो नीट समजून घेतल्यावांचून मूळ प्रश्नाला हात घालण्यांत अर्थ नाहीं. सेन्सर जें सांगतो तें घडून गेलेल्या गोष्टीविषयीं सांगतो. पेट्रोल जळलें, धूर नळींत आला, मग त्याचा अभिप्राय. शिवाय सुमारें तीनशें अंश तापल्यावांचून त्याला वाचा फुटत नाहीं, आणि चालकानें पाय पुरता दाबला असतां त्याला कोणी विचारीतही नाहीं. अशा वेळीं संगणकाला अंदाजानेंच पेट्रोल द्यावें लागतें. तो अंदाज करण्यासाठीं कारखान्यांत नमुन्याच्या इंजिनावर प्रयोग करून एक मोठें कोष्टक तयार करतात: इतके फेरे आणि इतका भार असतां इतकें पेट्रोल. परंतु रस्त्यावरचें कोणतेंही इंजिन नमुन्याच्या इंजिनासारखें राहत नाहीं. पेट्रोल फवारणाऱ्या नळीचें तोंड कचऱ्यानें अरुंद होतें, रबराचा सांधा कोरडा पडून तेथून चोरटी हवा शिरते, पंपाचा जोर उतरतो.

एखाद्या दुकानदाराच्या तराजूचें एक पारडें रोज तोळाभर हलकें पडतें असें ध्यानांत आलें, म्हणजे तो गिऱ्हाइकागणिक नव्यानें हिशेब करीत बसत नाहीं. हलक्या पारड्याला तोळ्याचा पासंग बांधतो आणि मोकळा होतो. मोटारीचा संगणक नेमकें हेंच करतो. एकाच वेगाला व एकाच भाराला सेन्सर रोज ‘पेट्रोल कमी आहे’ असें म्हणत असेल, तर तो त्या जागीं कायमचा पासंग लावून ठेवतो. १९८० नंतरच्या दशकांतील जनरल मोटर्सच्या गाड्यांत या पासंगाचे निरनिराळ्या वेगांचे व भारांचे खण केलेले असत, आणि प्रत्येक खणांत शून्य ते २५५ यांपैकीं एक आंकडा असे. १२८ म्हणजे कोष्टक बरोबर, पासंगाची गरज नाहीं. तोच आंकडा १३८ झाला कीं समजावें, हें इंजिन कोष्टकापेक्षां सुमारें आठ टक्के अधिक पेट्रोल मागत आहे. शिकलेली गोष्ट म्हणतात ती हीच. पुढें संगणक इतरही पासंग ठेवूं लागला. गाडी उभी असतां इंजिन मंद गतीनें चालावें म्हणून हवेची वाट किती उघडी ठेवावी, हलक्या प्रतीच्या पेट्रोलानें इंजिन ठोके देऊं लागल्यास ठिणगी किती मागें घ्यावी, आपोआप बदलणाऱ्या गिअरांत झिजलेल्या क्लचला तेलाचा दाब किती द्यावा, या साऱ्या गोष्टी तो हळूहळू अनुभवानें ठरवूं लागला.

हें सारें लिहून ठेवावयाचें कोठें? संगणकाजवळ स्मृतीचे दोन प्रकार होते. एक ताम्रपटासारखा. कारखान्यांत एकदां कोरलें तें कोरलें. वीज असो वा नसो, अक्षर हलावयाचें नाहीं, पण नवें अक्षर लिहितांही यावयाचें नाहीं. मूळ कोष्टक या ताम्रपटावर असे. दुसरा प्रकार पाटीसारखा. हवें तें लिहावें, पुसावें, पुन्हां लिहावें. पण वीज गेली कीं पाटी कोरी. शिकलेलें लिहावयाचें तर पाटीच पाहिजे, आणि पाटी राखावयाची तर वीज पाहिजे. मोटार बंद असतांही जिच्यांत वीज असते अशी एकच वस्तु गाडींत होती, ती म्हणजे बॅटरी. म्हणून अभियंत्यांनीं किल्लीला वळसा घालून बॅटरीपासून संगणकापर्यंत एक वेगळी तार नेली. तिच्यांतून वाहणारा प्रवाह इतका अल्प कीं चांगली बॅटरी तो आठवडेच्या आठवडे पुरवूं शकते. १९८३ च्या सुमारास आलेल्या फोर्ड कंपनीच्या संगणकांत या पाटीला ‘कीप अलाइव्ह मेमरी’, म्हणजे जिवंत ठेवावयाची स्मृति, असेंच नांव होतें. केटरिंगच्या काळीं केवळ इंजिन फिरविण्यासाठीं आलेली बॅटरी सत्तर वर्षांनीं अशी इंजिनाच्या अनुभवाची राखणदार झाली.

विजेवांचून टिकणारी आणि तरीही पुन्हां लिहितां येणारी स्मृति त्या काळीं नव्हती काय, असें कोणी विचारील. ती नुकतीच जन्माला आली होती. इंटेल कंपनीची तशी एक चकती १९८० सालीं बाजारांत आली. परंतु ती महाग होती, आणि तिच्यावर लिहिण्याला मर्यादा असे. ठराविक वेळां लिहून झाल्यावर ती झिजून निकामी होई. इंजिनाचा पासंग तर मिनिटागणिक बदलतो. रोजचें टिपण ताम्रपटावर कोरीत बसणें जितकें शहाणपणाचें, तितकेंच तें झालें असतें. अभियंत्यांनीं पाटी पसंत केली यांत त्यांची चूक काढतां येत नाहीं. बॅटरीची तार मुद्दाम सोडणारा मनुष्य त्यांच्या हिशेबांत नव्हता, इतकेंच.

मग तार सोडली म्हणजे नक्की काय होतें? या पाटीवाल्या काळांतील गाड्यांत पाटी पुसली जाते. लगेच नव्हे, कारण संगणकांतील कपॅसिटर थोडा वेळ वीज धरून ठेवतात. पण कांहीं वेळानें खास. मूळ कोष्टकाला धक्का लागत नाहीं. गाडी नवी असतांना हिशेब जेथें होता तेथें परत जातो. इंजिन मात्र नवें नसतें, आणि सारा घोटाळा तेथेंच होतो. हवेच्या वाटेवरील झडपेच्या कडेला वर्षानुवर्षांची काजळी बसलेली असते. संगणकानें ती ओळखून झडप थोडी अधिक उघडावयाची शिकून घेतलेली असते. पाटी पुसल्यावर तो पुन्हां नव्या झडपेच्या मापानें वाट उघडतो, काजळीमुळें हवा पुरत नाहीं, आणि गाडी चौकांतल्या तांबड्या दिव्यापाशीं बंद पडते. अडखळणारी गाडी ती हीच. याच्या उलटही घडतें. मिस्त्रीनें झडप लख्ख पुसली, पण संगणकाला काजळीचीच संवय आहे. मग इंजिन उभ्या जागीं उगाच धांवूं लागतें. येथें विस्मरण हेंच औषध ठरतें. मिश्रणाचा पासंग सेन्सर तापल्यावर फार वेळ न लागतां पुन्हां जमूं लागतो. निरनिराळ्या वेगांचे सर्व खण भरावयास मात्र निरनिराळ्या तऱ्हेचे रस्ते आणि कांहीं दिवस लागतात.

गॅरेजांत तार सोडण्याचा उपाय लोकप्रिय झाला तो या अनुभवांतूनच. त्याची योग्यता ठरवावयाची ती एका कसोटीवर. सेन्सर बिघडलेला होता, संगणक त्याच्या खोट्या साक्षीवर चुकीचे पासंग लावून बसला होता, आणि आतां नवा सेन्सर बसविला आहे, असें असेल तर पाटी पुसणें रास्त आहे. जुने पासंग नव्या सेन्सरला कांहीं काळ त्रासच देतात. पण रबराचा सांधा फाटलेलाच ठेवून नुसती तार सोडली, तर गाडी चार दिवस वेगळी वाटते आणि पांचव्या दिवशीं तोच पासंग त्याच खणांत येऊन बसतो. जुना खोकला गेला असें सांगणाऱ्या कित्येकांची गोष्ट चौथ्या दिवशींची असते. अमेरिकेंतील सावध मिस्त्री तर बॅटरी बदलतांना पाटी पुसूं नये म्हणूनच खटपट करीत. सिगारेट पेटविण्याच्या भोंकांत नऊ व्होल्टांची एक छोटी बॅटरी जोडावयाची, आणि मोठी बॅटरी बदलून होईपर्यंत संगणकाची आठवण तिच्यावर तगवावयाची. त्या साधनाला ते स्मृतिरक्षक अशा अर्थाचें नांव देत.

आतांपर्यंतची गोष्ट गाडी व तिचा मालक यांच्यांतली होती. तींत सरकार आलें तें पाटीवरील दुसऱ्या एका नोंदीमुळें. संगणक शिकलेल्या गोष्टींबरोबर आपल्या तक्रारीही त्याच पाटीवर लिही. एखादा सेन्सर गप्प बसला, एखादी तार तुटली, कीं तो एक सांकेतिक आंकडा टिपून ठेवी व चालकासमोर इंजिन तपासण्याची सूचना देणारा दिवा लावी. १९८१ च्या जनरल मोटर्स गाड्यांत दर्शनी फळीखालचीं दोन टोकें तारेनें जोडलीं कीं तोच दिवा लुकलुकून आंकडे सांगे: एकदां लुकलुकला, थांबला, दोनदां लुकलुकला, म्हणजे बारा. दुरुस्ती झाल्यावर हे आंकडे पुसण्याची रीत काय? तर संगणकाचा फ्यूज काढावा किंवा बॅटरीची तार सोडावी. दुरुस्तीच्या पुस्तकांतच ती छापलेली असे.

कॅलिफोर्नियांत १९८४ पासून ठराविक मुदतीनें गाड्यांच्या धुराची सक्तीची तपासणी सुरू झाली, आणि १९८८ सालच्या गाड्यांपासून धुराशीं संबंध असलेले बिघाड संगणकानें स्वतः ओळखून दिवा लावावा असा नियम तेथें लागू झाला. नियम चांगला होता, पण त्याच्या मुळाशीं एक भोळेपणा होता. दिवा लागला तर गाडी तपासणींत नापास होणार. आणि दिवा विझविण्यास दुरुस्तीचे शेंकडों डॉलर नकोत, एक पाना पुरे! घराच्या दारांत तार सोडावी, पुन्हां जोडावी, आणि विझलेला दिवा घेऊन तपासणीच्या रांगेंत उभें राहावें. बिघडलेलें भांडें धूर ओकीतच राही. त्याविषयींची तक्रार तेवढी नाहींशी होई. अशा गाडीचा धूर ज्यांच्या फुप्फुसांत जाई त्यांना विचारणारें कोणी नव्हतें.

यावरचा तोडगा १९९६ पासून अमेरिकेंतील सर्व नव्या मोटारींना लागू झालेल्या दुसऱ्या पिढीच्या नियमांत सांपडतो, आणि तो तोडगा काढणाऱ्याचें कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं. पाटी पुसूं नका असें त्यांनीं सांगितलें नाहीं. पुसलेली पाटी ओळखावयाची सोय केली. संगणकानें कन्व्हर्टर, सेन्सर, पेट्रोलच्या टांकीची वाफ इत्यादींच्या ज्या चांचण्या मनांतल्या मनांत घ्यावयाच्या, त्यांपैकीं पाटी पुसल्यापासून कोणत्या पुऱ्या झाल्या व कोणत्या व्हावयाच्या आहेत, याचीही नोंद त्यानें ठेवावी. तार सोडली कीं सर्व चांचण्यांपुढें ‘अपुरी’ असा शेरा. तपासनिसाचें यंत्र प्रथम हे शेरे वाचतें. संघराज्याच्या पर्यावरण खात्यानें १९९६ ते २००० या सालांच्या गाड्यांना दोन अपुऱ्या चांचण्या आणि २००१ पासूनच्या गाड्यांना एकच चालवून घ्यावी असें मार्गदर्शन केलें. कोरी पाटी हाच संशयाचा पुरावा झाला. यांत निरपराधी माणसेंही सांपडलीं. ज्यानें आदल्या दिवशीं प्रामाणिकपणें जुनी बॅटरी बदलली, त्यालाही रांगेंतून परत जावें लागे, आणि थंड इंजिनापासून हमरस्त्याच्या वेगापर्यंत सर्व तऱ्हेनें कांहीं दिवस गाडी चालवून मग पुन्हां यावें लागे.

इकडे स्मृतीचें तंत्रही बदलत होतें. जपानांतील तोशिबा कंपनीच्या फुजिओ मासुओका यानें १९८४ सालीं फ्लॅश नांवाची जी स्मृति जगापुढें मांडली, ती पुढें स्वस्त झाली व मोटारींत आली. तेव्हां ताम्रपट व पाटी यांतील जुना भेद पुसट झाला. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत किल्ली बंद केल्यावरही संगणक कांहीं क्षण जागा राहतो, दिवसभराचे पासंग पाटीवरून कायमच्या वहींत उतरवितो, आणि मग आपली वीज आपणच तोडून झोंपी जातो. अशा गाडीची तार नंतर सोडली तर शिकलेलें बहुतेक शिल्लक राहतें. फार तर घड्याळ चुकतें, आणि एखाद्या खिडकीची कांच आपोआप वर जावयाची थांबते. ती पुन्हां शिकवावी लागते. मात्र किल्ली काढल्याबरोबर, वही पुरी लिहून होण्याच्या आंत, तार ओढणें अशा गाडीलाही बाधक होऊं शकतें. कोणत्या गाडींत कोणती गोष्ट पाटीवर आणि कोणती वहींत, हें ज्या त्या कारखानदारानें आपल्या मर्जीनें ठरविलेलें आहे; म्हणून तार सोडण्यापूर्वीं त्या गाडीचेंच पुस्तक पाहणें श्रेयस्कर.

हिंदुस्थानांत हा सारा इतिहास उशिरां आणि म्हणून दाटीनें घडला. भारत स्टेज चार हे नियम एप्रिल २०१० मध्यें दिल्ली, मुंबई, पुणें, सोलापूर अशा निवडक शहरांत प्रथम आले, आणि एप्रिल २०१७ मध्यें सर्व देशास लागू झाले. बिघाड स्वतः ओळखणारी योजना त्यांच्याबरोबरच आली व तिची दुसरी पिढी २०१३ सालीं. १ एप्रिल २०२० पासून एक पायरी गाळून भारत स्टेज सहा. अमेरिकेस ज्याला चाळीस वर्षें लागलीं तें येथें वीस वर्षांच्या आंत उरकलें. त्यामुळें सोलापुरच्या एकाच गॅरेजांत पितळेच्या सुईची गाडी, पाटीची गाडी आणि वहीची गाडी शेजारीं शेजारीं उभ्या असलेल्या दिसूं शकतात, आणि एकाच मिस्त्रीला तिघींचीं तीन उत्तरें ठाऊक ठेवावीं लागतात. प्रारंभीं सांगितलेल्या तीन मोटारवाल्यांचा वाद तेथलाच आहे.

तक्रारींच्या नोंदीचा शेवटचा बंदोबस्त मात्र कॅलिफोर्नियानेंच केला. कोऱ्या पाटीचा संशय घेऊनही एक फट उरली होती. तार सोडल्यावर बहुतेक चांचण्या पुऱ्या होईपर्यंत गाडी चालवावी. बिघडलेल्या भागाची तेवढी चांचणी अपुरी राहूं द्यावी, कारण एक अपुरी चालते. हें ओळखून त्या मंडळानें २०१० सालच्या गाड्यांपासून टप्प्याटप्प्यानें अशी अट घातली कीं, दिवा लावणारा बिघाड संगणकानें पाटीवर लिहून थांबूं नये, पुसतां न येणाऱ्या वहींतही लिहावा. तार सोडून ती नोंद जात नाहीं. मिस्त्रीच्या यंत्रानें आज्ञा दिली तरी जात नाहीं. त्या भागाची चांचणी पुन्हां घेऊन तो निर्दोष चालतो अशी संगणकाची स्वतःची खात्री पटली म्हणजेच ती पुसली जाते, आणि तीही त्याच्याच हातून. १ जुलै २०१९ पासून कॅलिफोर्नियाच्या तपासणींत या कायमच्या नोंदी पाहिल्या जाऊं लागल्या. दुरुस्ती खरोखर केली, पण चांचणीचा योग जुळून येत नाहीं, अशा माणसासाठीं एक सवलत ठेवलेली आहे: पाटी पुसल्यापासून इंजिन किमान पंधरा वेळां थंडाचें गरम झालें असेल आणि गाडी दोनशें मैल चालली असेल, तर त्या नोंदीकडे तपासनिसानें दुर्लक्ष करावें. हीं पंधरा वेळां आणि हे दोनशें मैल मोजण्याचें कामही तोच संगणक करतो.